प्रवेशाच्या ताणावर कुमार कादंबरी लिहिताय? या चुका टाळा

हट्टी बाप, कविता करणारा मुलगा आणि शेवटच्या प्रकरणात निकाल. या साच्यातल्या कादंबरीत मुलगा ताणात आहे हे लेखक सांगत राहतो, वाचकाला मात्र तो जाणवत नाही. आपल्याकडचा ताण नियमांत, तारखांत आणि दाखल्यांत असतो. कथानक तिथूनच काढा.

परीक्षांची सरमिसळ

ही चूक सर्वांत महागात पडते, कारण सतरा वर्षांच्या वाचकाला हे सगळं तोंडपाठ असतं. मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेला १८० प्रश्न, ७२० गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. एमएचटी-सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंग-फार्मसीच्या राज्य प्रवेश परीक्षेत, निगेटिव्ह मार्किंग नाही. तिथे तुमची नायिका ‘मार्क कापले जातील’ म्हणून प्रश्न सोडू लागली, की वाचकाचा विश्वास उडालाच.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, दर शंभरांतली किती मुलं तुमच्या मागे आहेत याचा आकडा. इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या जेईई मेन परीक्षेला दहा लाखांहून जास्त मुलं बसतात, म्हणजे ९९ पर्सेंटाइलवाल्याच्याही पुढे दहा हजारांहून जास्त मुलं असतात. आत्या पेढे वाटत फिरते आहे आणि मुलाला हा हिशेब एकट्यालाच कळतो आहे, हा प्रसंग लिहून पाहा. घरात कोणी आवाज चढवायची गरज उरणार नाही.

निकालावर कथा संपवणं

निकाल कादंबरीच्या पहिल्या एक तृतीयांश भागातच लावून मोकळे व्हा. खरी घालमेल त्यानंतर सुरू होते. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं. नाकारलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. मग मैत्रिणीच्या हट्टापायी पहिल्या क्रमांकावर भलतंच कॉलेज भरणाऱ्या मुलीची गोष्ट आपोआप पुढे सरकते. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमध्येही, तीच घालमेल: हातातली जागा धरायची, की पुढच्या फेरीची वाट पाहायची?

आणि दाखले! जात वैधता प्रमाणपत्रासाठी वडिलांकडच्या पिढ्यांचे जुने कागद शोधावे लागतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मिळवायला गावी गेलेला मुलगा आजोबांबद्दल कायकाय शिकून परत येईल, याचा विचार करा. एवढी समृद्ध सामग्री समोर असताना बहुतेक लेखक ती एका वाक्यात उरकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आईवडिलांना खलनायक करणं

त्यांच्या हातात हिशेब द्या: लातूरच्या क्लासमधल्या रिपीटर बॅचची (पुन्हा परीक्षा देणाऱ्यांच्या तुकडीची) फी, खोलीभाडं, खानावळ आणि धाकटीची दहावी. ‘अजून एक वर्ष दे’ म्हणणारा बाप मग प्रेमातूनच चुकताना दिसतो.

आत्महत्येला कळसाध्याय करणं

इथे तडजोड नको. तुमचा वाचक कदाचित त्याच वर्षातून जात असेल. मार्ग, जागा, चिठ्ठी यांचं वर्णन करू नका. मृत्यूनंतर सगळे सुधारतात, असंही दाखवू नका, कारण त्यातून मरण हा उपाय ठरतो. आत्महत्येविषयी लिहिताना पद्धतीचा तपशील टाळावा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या मार्गदर्शिकेतही आहे. प्रसंग अटळच वाटला, तर पात्राला वेळेवर कोणाशी तरी बोलू द्या: होस्टेलच्या रूममेटशी, मामाशी, बाईंशी. ते संभाषण अवघडलेलं, अर्धवट असू द्या, पण त्याला पुरती पानं द्या. पुस्तकाच्या शेवटी टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापा. ही सरकारी सेवा मोफत आहे, मराठीतही आहे.

कथा कोणत्या वर्षी घडते, हे न ठरवणं

२०२५ पासून अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाला. त्याआधी तो मोजक्या शहरांपुरता होता. म्हणजे २०२३ मध्ये खेड्यातली नायिका थेट कॉलेजात जाऊन फॉर्म भरू शकत होती, २०२५ मध्ये नाही. आधी वर्ष पक्कं करा, त्या वर्षीचं वेळापत्रक आणि माहितीपुस्तिका शोधा, फेऱ्यांच्या तारखा वहीत उतरवा आणि मग प्रकरणं पाडा. खर्डा झाला की त्याच वर्षी प्रवेश घेतलेल्या एखाद्या मुलीला वाचायला द्या आणि ती जिथे थांबेल तिथे खूण करायला सांगा.