कुठल्या रेसला कुठलं तिकीट: टोटवर खेळ निवडताना

महालक्ष्मीला असा किंवा पावसाळ्यात पुण्याच्या रेसकोर्सवर, बहुतेक जण आधी घोडा ठरवतात आणि टोटच्या, म्हणजे सगळ्यांच्या पैजा एका पूलमध्ये जमवून वाटणाऱ्या व्यवस्थेच्या, खिडकीवर पोहोचल्यावर विन (घोडा पहिलाच यायला हवा) घ्यायचं की प्लेस (पहिल्या काही नंबरांत आला तरी चालतं) याचा विचार करतात. खरं तर दोन्ही एकत्रच ठरवायला हवं. घोडा बरोबर निघूनही तोटा होतो, तो बहुधा तिकीट चुकल्यामुळे.

सुरुवात कराच्या हिशोबाने करा. सप्टेंबर २०२५ पासून रेसच्या पैजेवर ४० टक्के जीएसटी आहे, आणि तो नफ्यावर नाही तर लावलेल्या पूर्ण रकमेवर आहे. म्हणजे १०० रुपयांच्या तिकिटासाठी खिशातून १४० गेले असं धरून चाला. बुकीकडे एखाद्या घोड्याचा भाव ६ ला ४ आहे, म्हणजे ४ लावले तर ६ नफा. १०० लावले, घोडा आला, हातात २५० आले. कर नसता तर दहातल्या चार वेळा तो जिंकला तरी बरोबरी झाली असती. आता १४० खर्चून २५० मिळतात, म्हणजे बरोबरीलाच ५६ टक्के वेळा जिंकायला हवा. इव्हन भावाला (जेवढे लावले तेवढाच नफा) हाच आकडा ७० टक्क्यांवर जातो. १०० लावून ४० च नफा असा आखडलेला भाव असेल तर घोडा जिंकूनही हातात तेच १४० परत. अशा हॉट फेव्हरिटवर, म्हणजे ज्याच्यावर लोकांचे सगळ्यात जास्त पैसे आहेत त्या घोड्यावर, विन खेळणं म्हणजे फुकट धावपळ.

प्लेसचं दुखणं याहून लपलेलं आहे. टोटचे डिव्हिडंड, म्हणजे लागलेल्या तिकिटाला मिळणारी रक्कम, १० रुपयांच्या तिकिटावर छापतात. फेव्हरिट प्लेसमध्ये आला आणि ११-१२ रुपये लागले, तर १४ खर्चून १२ मिळाले. ‘सेफ’ म्हणून घेतलेलं हे तिकीट बरोबर येऊनही दोन रुपये खातं. प्लेस घ्यायचीच तर मोठ्या फील्डमधल्या (जास्त घोडे धावतात अशा रेसमधल्या), लोकांनी दुर्लक्षिलेल्या घोड्याची घ्या: मागच्या रेसमध्ये उशिरा पण जोरात आलेला, आता अंतर वाढल्याने फायद्यात असणारा. किती घोडे धावतात यावर किती प्लेस मिळणार हे ठरतं. ऐन वेळी घोडे मागे घेतले तर एक प्लेस कमी होऊ शकते, म्हणून तिकीट काढण्याआधी धावणाऱ्यांची शेवटची यादी बघा.

सेकंड हॉर्स पूल, म्हणजे एसएचपी, फक्त दुसऱ्या नंबरासाठी असतो. एक घोडा उघडच वरचढ असेल आणि त्याच्या मागे कोण हे तुम्हाला नीट दिसत असेल, तरच त्याच्या वाटेला जा. घोडा जिंकला तरी हे तिकीट मेलं, हे नवख्यांना खिडकी सोडल्यावर कळतं.

आता जोडीचे खेळ. क्विनेलात पहिले दोन कुठल्याही क्रमाने चालतात, फोरकास्टमध्ये क्रम बरोबर हवा. आठ घोड्यांच्या रेसमध्ये क्विनेलाच्या २८ जोड्या होतात, फोरकास्टच्या ५६. तीन घोडे सगळ्या बाजूंनी फिरवून घेतले तर क्विनेलाची ३ तिकिटं, फोरकास्टची ६. चार घोडे घेतले तर ६ आणि १२. जिंकणारा पक्का वाटत असेल तर त्याला वर ठेवून खाली तीन घोडे घ्या: तीनच तिकिटांत फोरकास्ट होतो. अशा वेळी क्विनेला घेतला तर ‘उलटं झालं तर?’ या भीतीचे पैसे डिव्हिडंडमधून कापले जातात. दोन घोडे तोडीस तोड असतील आणि बाकीचे मागे, तर मात्र क्विनेलाच बरा.

टनालाला पहिले तीन क्रमाने लागतात. आठ घोड्यांत ३३६ शक्यता, दहांत ७२०. चार घोडे फिरवले तर २४ तिकिटं, पाच फिरवले तर ६०. साठ तिकिटांचे कर धरून ८४० रुपये होतात, आणि पहिले तिन्ही फेव्हरिटच आले तर तेवढाही डिव्हिडंड फुटत नाही. म्हणून टनाला तेव्हाच, जेव्हा फेव्हरिट खोटा आहे असं ठोस कारण तुमच्याकडे आहे: पाठीवरचं वजन वाढलंय, बऱ्याच विश्रांतीनंतर उतरतोय, किंवा ओल्या ट्रॅकवर त्याचा रेकॉर्ड वाईट आहे. पुण्याच्या सीझनमध्ये पेनेट्रोमीटरचं (ट्रॅक किती मऊ आहे हे मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग सकाळीच बघायची सवय ठेवा.

ट्रेबल म्हणजे तीन रेसचे आणि जॅकपॉट म्हणजे पाच रेसचे विजेते एकाच तिकिटात ओळखणं. त्यांच्याकडे लोक लॉटरी म्हणून बघतात, पण कर वाढल्यापासून त्यांचा एक वेगळा फायदा आहे: अनेक रेस, कर एकदाच. समजा तीन रेसमध्ये तीन इव्हनचे घोडे आले. १४० रुपयांनी सुरुवात करून दर वेळी सगळी रक्कम पुढच्या विनवर चढवली, तर तीनदा कर भरून शेवटी साधारण ४०८ उरतात. तोच भाव ट्रेबलच्या पूलमध्ये मिळाला असं धरलं तर एकाच १४० वर ८०० होतात. पूलचा भाव कमीजास्त होईल, पण फरकाची दिशा हीच.

जॅकपॉट पाच रेसचा. सगळे पाच विजेते लागलेल्यांना पूलचे ७० टक्के, एक चुकलेल्यांना ३० टक्के वाटतात. इथली ठरलेली चूक म्हणजे प्रत्येक रेसला दोन-दोन घोडे घेणं. दोन पाच वेळा गुणले की ३२ तिकिटं. तेवढ्याच ३२ तिकिटांत १×१×२×४×४ असंही बसतं: पाच-सहा घोड्यांच्या टर्म्स रेसमध्ये (जिथे सरस घोड्याला मुद्दाम जास्त वजन देऊन बरोबरी साधत नाहीत), जिथे सरस घोडा डोळ्यात भरतो, एकच घोडा, म्हणजे बँकर, आणि खालच्या क्लासच्या मोठ्या हँडिकॅपमध्ये (सरस घोड्याला जास्त वजन देऊन बरोबरी साधणाऱ्या रेसमध्ये) किंवा मेडन रेसमध्ये (अजून एकदाही न जिंकलेल्या घोड्यांच्या) चार-चार. पैसे अनिश्चिततेवर खर्च करा, खात्रीवर नाही. बँकर मिळतच नसेल तर त्या दिवशी जॅकपॉट सोडा. सहा रेसच्या सुपर जॅकपॉटला दोन बँकर तरी हवेतच.

टोट की बुकी? बुकीकडे घेतलेला भाव तुमचा राहतो, टोटचा रेस सुटेपर्यंत हलत राहतो. लवकर दिसलेला चांगला भाव बुकीकडे बांधून घ्या. शेवटच्या मिनिटाला लोक फेव्हरिटवर तुटून पडले आणि तुमचा घोडा दुसराच असला, तर टोट बहुधा जास्त देतो. छोट्या पूलमध्ये मोठी रक्कम टाकली की स्वतःचाच डिव्हिडंड खाली येतो. बुकीचा बोर्ड वाचताना सगळ्या भावांचे टक्के जोडा: ६ ला ४ म्हणजे ४०, ३ ला १ म्हणजे २५, ४ ला १ म्हणजे २०, ६ ला १ म्हणजे १४. बेरीज ११५-१६ च्या बरीच वर गेली तर त्या रेसमध्ये बुकीचा हात जड आहे. हे सगळं रेसकोर्सवर किंवा क्लबच्या अधिकृत केंद्रावरच. फोनवरच्या बेकायदा बुकीकडे तक्रार कुठे नेणार?

एका तिकिटावरची जिंकलेली रक्कम १०,००० च्या वर गेली की ३० टक्के टीडीएस कापून हातात येते, आणि इतर दिवशी हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. जॅकपॉटचा आकडा मनात मांडताना हे आधीच काढून टाका.

खिडकीवर रेस नंबर, खेळ, घोड्याचा नंबर, किती रुपये या क्रमाने बोला; नाव नको, नंबर सांगा. तिकीट हातात आलं की तिथेच वाचा, कारण रेस सुटल्यावर चूक दुरुस्त होत नाही. आणि घोडे पोस्ट ओलांडून गेले म्हणून हरलेलं तिकीट फाडू नका. ऑब्जेक्शन, म्हणजे निकालावर आक्षेप, पडलं तर क्रम बदलू शकतो. जॉकींचं वजन होऊन निकाल पक्का जाहीर होईपर्यंत ते खिशातच राहू द्या.