गेरमध्ये पाऊल टाकण्याआधी
मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात गाईडसोबत फिरताना पशुपालकांच्या गेरमध्ये, म्हणजे लोकरी नमद्याच्या गोल तंबूत, जाणं होतंच. दार ठोठावायचं नाही. लांबूनच ‘नोखोइ खोर’ अशी हाक द्यायची. अर्थ सरळ आहे, कुत्रा धरा! उंबऱ्यावर पाय देऊ नका (हे आपल्याला आजीनेच शिकवलेलं असतं) आणि आत गेल्यावर डावीकडे वळा, पाहुण्यांची बाजू तीच. वाटी उजव्या हाताने घ्या, डावा हात कोपराखाली. उन्हाळ्यात बहुधा आइराग मिळेल, घोडीचं आंबवलेलं दूध. पोटाला सवय नसते, म्हणून पहिल्या दिवशी दोनच घोट. नकोच असेल तर नुसतं ओठांना लावून आदराने परत करा. चहात साखर नाही, मीठ असतं. चुलीत कचरा मात्र कधीच टाकू नका, तिथे अग्नी पवित्र मानतात.