मानमंदिराची निळी बदकं कृष्णधवल फोटोत कशी आणायची

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मानमंदिराच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर निळ्या फरश्यांतली बदकांची रांग आहे. लांबूनच नजरेत भरते. पण कृष्णधवल फोटो काढला की बदकं गायब! निळ्या फरशीचा आणि मातकट पिवळ्या दगडाचा उजळपणा जवळजवळ सारखा, त्यामुळे रंग गेला की दोन्ही एकाच राखाडीत मिसळतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात बाबांच्या स्टुडिओत मी पहिलं रीळ धुतलं, तेव्हा त्या भिंतीच्या सहाही फ्रेम अशाच सपाट निघाल्या. बाबांनी ओला प्रिंट चिमट्यात धरून विचारलं, "बदकं तुला काळी हवी होती की पांढरी?" मी ते ठरवलंच नव्हतं.

तेव्हा आधी तेवढं ठरवा, कॅमेरा मग काढा.

अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्सचं मोठेपण मला इथेच दिसतं. 10 एप्रिल 1927 ला कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत हाफ डोम नावाच्या डोंगराच्या कड्यासमोर तो उभा होता, वय 25, जवळ फोटो उमटवायच्या दोनच काचा उरलेल्या. एक भिंगापुढे पिवळा फिल्टर लावून काढली आणि लगेच जाणवलं, मनातलं आभाळ हे नव्हे. शेवटच्या काचेला गडद लाल फिल्टर लावला आणि आभाळ जवळजवळ काळं उतरलं. फोटोला कला म्हणवून घ्यायचं तर तो चित्रासारखा धूसर हवा, असं मानणारे त्या काळी पुष्कळ होते. ॲडम्स आणि त्याच्या सोबत्यांनी 1932 मध्ये एफ/64 नावाचा गट काढून लख्ख, रेखीव फोटोची बाजू घेतली. 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये फोटोग्राफीचा वेगळा विभाग उघडला, त्यातही त्याचा हात होता.

आता आपली भिंत. थंडीत सकाळी जा, ऊन तिरपं असतं आणि कोरीव काम उठून येतं. मात्र दाट धुकं असेल तर घरीच थांबा. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. नसेल तर कठड्याला टेकून काढा.

बदकं काळी हवी असतील तर लाल फिल्टर. तो निळा प्रकाश अडवतो, फरशी गडद होते, दगड उजळतो. फिल्मवर हातानं एक्स्पोजर लावत असाल तर त्यासाठी साधारण तीन स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). मोबाइलवर रंगीत फोटो काढून स्नॅपसीडच्या कृष्णधवल पर्यायात लाल फिल्टर निवडा. एक धोका लक्षात ठेवा: सावलीत पडणारा उजेड आभाळाचा, म्हणजे निळसर असतो, त्यामुळे लाल फिल्टरखाली कोनाडे काळेठिक्कर होतात. मी बहुतेक वेळा नारिंगीवर थांबते.

बदकं पांढरी हवी असतील तर निळा फिल्टर. जुन्या काळचे फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांनी इंदूरला बांधकाम खात्याच्या नोकरीत असताना 1874 च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला. त्या काळच्या काचांना निळा भरपूर दिसे, लाल जवळजवळ नाहीच. म्हणून तेव्हाच्या फोटोंत आभाळ कोरं पांढरं असतं. निळ्या फिल्टरनं तुम्हाला साधारण तीच नजर मिळते.

एक्स्पोजर सावलीवरून ठरवा. ज्या कोनाड्यातली जाळी दिसायलाच हवी, तिच्यावर स्पॉट मीटर, म्हणजे छोट्याशा जागेचाच उजेड मोजणारा मीटर, धरा. मीटर तिला मध्यम राखाडी करू पाहील. तुम्ही दोन स्टॉप कमी करा. जाळी गडद येते, पण तिची भोकं मोजता येतात. ॲडम्सच्या झोन पद्धतीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटांच्या पायऱ्या असतात, त्यातला हा तिसरा झोन. ही रीत फिल्मची. डिजिटलमध्ये उलट, उन्हातला दगड पांढराफटक पडत नाही ना, ते आधी बघा.

डार्करूममध्ये प्रिंट काढलात तर ओल्या कागदावर निकाल देऊ नका. सुकल्यावर तो थोडा काळवंडतो. मी रात्री वाळत घालते आणि सकाळी खिडकीपाशी नेऊन बघते.