सोयाबीनचा उतारा काढायचाय? आधी खिशातली नोट काढा

औसा तालुक्यात आमचं एकरभर सोयाबीन असतं. शाळेत गणित शिकवायचो, तरी पहिल्या वर्षी उताऱ्याचा, म्हणजे एकरी उत्पन्नाचा, अंदाज नजरेनंच बांधला: आठ क्विंटल. काट्यावर पावणेसहा भरले. जाता-येता मी पाहत होतो तो बांधालगतचा तुकडा. त्याला विहिरीची ओल होती.

आता मळणीच्या चारेक दिवस आधी तीन प्लॉट कापतो. रान 80 मीटर लांब, 50 रुंद. प्लॉट 5 बाय 5. म्हणजे नैऋत्य कोपऱ्यातून लांबीकडे 0 ते 75 आणि रुंदीकडे 0 ते 45, असे दोन आकडे प्रत्येक प्लॉटचा कोपरा ठरवायला हवेत. ते मनानं ठरवायचे नाहीत. खिशातली नोट काढा, नंबराचे शेवटचे दोन अंक घ्या. 62 आले, 62 मीटर चाला. 88 आले तर ती नोट सोडून दुसरी बघा. धाकटा भाऊ हमखास म्हणतो, "दादा, हितं तुटाळ पडलीय, जरा तिकडं सरक की." सरकायचं नाही. तुटाळही, म्हणजे झाडंच न उगवलेली जागा, आपल्याच रानातली.

खुंट्या ठोकून सुतळी ताणली की दोन्ही कर्ण मोजा. 7 मीटर 7 सेंटिमीटर भरले नाहीत तर चौकोन कललाय.

एक मीटरची चौकट टाकून काम उरकायचा मोह होतो. पण सुतळीवरचं झाड आपण नकळत आत ओढतो, आणि छोट्या चौकटीला क्षेत्राच्या मानानं कड पाचपट. छोट्या प्लॉटनं उतारा फुगतो, हे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी 1940च्या दशकातच दाखवलं होतं. दुसरे नामवंत संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस यांच्याशी त्यांचा यावरून वादही झाला. मी बुंधा बघतो. बुंधाच सुतळीवर असेल तर दोन बाजूंची झाडं घ्यायची, समोरच्या दोन बाजूंची सोडायची.

प्रत्येक प्लॉटचं वेगळं बडवून, उफणून वजन करा. एका वर्षी 2.9, 3.4 आणि 3.8 किलो भरलं. बेरीज 10.1, क्षेत्र 75 चौरस मीटर. एकर याच्या सुमारे 54 पट, म्हणून 54 नं गुणा: 545 किलो. दाण्यात 16 टक्के ओल होती, बाजारात 12 धरतात. म्हणून 84 नं (100 वजा 16) गुणून 88 नं (100 वजा 12) भागलं. उरले 520.

ओल न वजा करता नुसता 2.9चा प्लॉट धरला तर एकरी 470, नुसता 3.8चा धरला तर 615. म्हणून भावाला मी सरासरीबरोबर दोन्ही टोकं सांगतो. तो 615 तेवढे लक्षात ठेवतो.