ग्रुपच्या मर्यादेची टेस्ट लिहिताय? या चुका टाळा

आयटी पार्कजवळच्या ठेल्यावर तर्री-पोह्याची प्लेट हातात आली तोच टीममधल्या पोराचा फोन. "भाऊ, माह्या लॅपटॉपवर तं टेस्ट पास होते, मॅकवरच काऊन फेल होते?"

त्याने रुबी या प्रोग्रामिंग भाषेतल्या प्रोसेस.मॅक्सग्रुप्सची टेस्ट लिहिली होती (एका प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, परवानग्यांसाठीचे जादा यूजर-ग्रुप जास्तीत जास्त किती देता येतात तो हा आकडा) आणि अपेक्षित उत्तर म्हणून 65536 ठोकून दिलं होतं. लिनक्समध्ये कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, 2.6.4 आवृत्तीपासून मर्यादा तेवढीच आहे, त्याआधी ती फक्त 32 होती. मॅकवर मात्र 16. आकडा टेस्टमध्ये लिहूच नका, सिस्टिमच्या मर्यादा सांगणाऱ्या सिसकॉन्फ या फंक्शनकडून घ्या. टर्मिनलवर गेटकॉन्फ ही कमांडही तोच सांगते.

खरा घोळ पुढे आहे. मॅक्सग्रुप्सला नवी किंमत दिली की कर्नलची मर्यादा बदलते, असं पुष्कळांना वाटतं. बदलतो तो रुबीचा स्वतःचा आकडा, तोही चालू प्रोसेसपुरता. शून्य किंवा ऋण संख्या दिली तर आर्ग्युमेंट एरर येतो. पण कमाल मर्यादेपेक्षा मोठी दिली तर कुठलाच एरर नाही, रुबी गुपचूप छाटून घेते. म्हणजे तिथे एररची वाट पाहणारी टेस्ट कधीच पास होणार नाही. आणि बदललेला आकडा एन्शुअरमध्ये (एरर आला तरी चालणारा रुबीचा भाग) परत जागेवर ठेवला नाही, तर त्याच प्रोसेसमधली पुढची टेस्ट विनाकारण मार खाते. मी यात एक अख्खी दुपार घालवली आहे, बाप्पा!

"जास्त ग्रुप दिले तर काय होतं" हे तपासायला बरेच जण सुडो लावतात, म्हणजे रूटच्या (सर्वाधिकारी यूजरच्या) हक्काने टेस्ट चालवतात. गरज नाही. मॅक्सग्रुप्स 2 करा आणि प्रोसेस.ग्रुप्सला तीन जीआयडी (ग्रुपचे क्रमांक) द्या. रुबी आधी यादीची लांबी मोजते, त्यामुळे कर्नलपर्यंत न जाताच आर्ग्युमेंट एरर मिळतो. यादी मर्यादेत असेल तरच गोष्ट कर्नलकडे जाते आणि रूट नसाल तर ईपर्म, म्हणजे 'परवानगी नाही' हा एरर येतो.

प्रोसेस.ग्रुप्सची यादी आयडी कमांडच्या यादीशी जशीच्या तशी ताडू नका. आयडी इफेक्टिव्ह जीआयडीही (प्रोसेस सध्या ज्या मुख्य ग्रुपच्या हक्काने चालते त्याचा क्रमांक) छापते. तो जादा ग्रुपांच्या यादीत असेलच असं पॉझिक्स (युनिक्ससारख्या सिस्टिमांचं मानक) सांगत नाही. दोन्हीकडून तो वगळा, सॉर्ट करा, मग ताडा.

लिनक्सच्या यूजरमॉड कमांडने यूजरला ग्रुप जोडल्यावर पुन्हा लॉगिन करा, चालू शेलला नवा ग्रुप दिसत नाही. आणि त्या कमांडमध्ये कॅपिटल जीच्या आधी छोटा ए (-aG) विसरू नका, नाहीतर जुने सगळे जादा ग्रुप उडतात. आमच्या पोराने तेही केलं. सुडोचा हक्क देणारा ग्रुप गेला, आणि त्याचा शनिवार रिकव्हरी मोडमध्ये.