जपानी नावांवरची आडवी रेघ: इंग्रजीत लिहिताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी पुण्यात एका कंपनीसाठी दुभाषाचे काम करताना मी जपानी पाहुण्यांची यादी इंग्रजीत तयार केली आणि तीत दोन गृहस्थांची आडनावे अगदी एकसारखी लिहिली. एकाच्या आडनावाचा अर्थ ‘लहान माळ’, दुसऱ्याच्या आडनावाचा अर्थ ‘मोठा माळ’. जपानी लिपीत ही आडनावे वेगळी दिसतात आणि उच्चारातही पहिल्यातला आरंभीचा ओ ऱ्हस्व, तर दुसऱ्यातला दीर्घ असतो. माझ्या यादीत मात्र दोघेही नुसते ‘ओनो’ झाले आणि हॉटेलात एकाच्या खोलीची किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली. स्वराच्या डोक्यावर द्यायची एक छोटी आडवी रेघ, म्हणजे मॅक्रॉन, मी गाळली होती. ती द्यावी की न द्यावी, याचे सर्व ठिकाणी लागू पडणारे एकच उत्तर नाही. मजकूर कुठे जाणार आहे हे आधी ठरवावे लागते.

जपानी शब्द रोमन लिपीत लिहिण्याची सर्वांत रुळलेली पद्धत हेपबर्न या अमेरिकन मिशनरी डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचा जपानी-इंग्रजी शब्दकोश 1867 मध्ये निघाला आणि 1886 च्या तिसऱ्या आवृत्तीने ही पद्धत सर्वदूर नेली. दीर्घ ओ आणि दीर्घ उ यांच्यावर रेघ देण्याची रीत याच परंपरेतली आहे. कुनरेई नावाच्या दुसऱ्या पद्धतीत त्या जागी टोपीसारखे टोकदार चिन्ह येते. एकाच लेखात काही नावांवर रेघ आणि काहींवर टोपी दिसली, तर लिहिणाऱ्याने नावे निरनिराळ्या ठिकाणांहून उचलली आहेत हे जाणकाराला लगेच कळते.

मराठी माणसाची एक खास चूक येथे नोंदवलीच पाहिजे, कारण ती अज्ञानातून नव्हे तर ज्ञानातून होते. संस्कृत रोमन लिपीत लिहिण्याची सवय असलेल्यांना आ, ई, ऊ यांच्यावर रेघ द्यावी हे पाठ असते. ए आणि ओ संस्कृतात मुळातच दीर्घ असल्याने त्यांच्यावर ती देत नाहीत. त्यामुळे ओवरची रेघ त्यांना फालतू वाटते आणि ते ती ‘दुरुस्त’ करून टाकतात. जपानीत नेमका ओच ऱ्हस्व आणि दीर्घ अशा दोन्ही रूपांत येतो आणि नावांत तर सतत येतो. देवनागरीही येथे मदतीला येत नाही. ‘युकी’ आणि ‘यूकी’ ही दोन वेगळी नावे आपण ऱ्हस्व-दीर्घाने सहज दाखवतो, पण ओनोंच्या जोडीसाठी आपल्याकडे एकच ओ आहे. म्हणून देवनागरीत लिहिलेल्या नावावरून इंग्रजी रूप कधीही तयार करू नये.

याच्या उलट चूक म्हणजे जिथे स्वर लांबलेला वाटेल तिथे रेघ ओढणे. ‘मात्सुउरा’ या आडनावात दोन उ शेजारी आहेत, पण पहिला ‘मात्सु’चा आणि दुसरा ‘उरा’चा, दोन शब्दांच्या सांध्यावर रेघ चालत नाही, तिथे यू हे अक्षर दोनदा लिहावे लागते. ‘इनोउए’मध्येही ओ आणि उ वेगवेगळ्या घटकांतले असल्याने ते तसेच ठेवायचे. ‘केइको’तला ए ऐकताना लांब वाटतो, तरी प्रचलित हेपबर्नमध्ये तो ई आणि आय या दोन अक्षरांनीच लिहितात.

स्वतः त्या व्यक्तीने रूढ केलेले रूप मात्र या सर्व नियमांच्या वर आहे. कलाकार आणि गायिका योको ओनो यांच्या नावात नियमाप्रमाणे रेघ ‘यो’वर यायला हवी, आडनावावर नव्हे, अतिउत्साही लेखक नेमकी आडनावावर देतात. त्या स्वतः ती कुठेच देत नाहीत, तेव्हा सर्वसाधारण लेखनात आपणही देऊ नये. टोयोटाच्या उत्पादनपद्धतीमुळे आपल्या कारखान्यांतही परिचित झालेले ताइइची ओनो हे ‘मोठ्या माळा’चे ओनो, इंग्रजीत त्यांचे आडनाव ओ-एच-एन-ओ असे रूढ आहे. कारकिर्दीत 868 होमरन काढणारे बेसबॉलपटू सादाहारू ओ यांचे आडनाव तर एका दीर्घ स्वराचेच आहे, आणि एच न जोडता ते लिहिले तर वाचणाऱ्याला ते आद्याक्षर वाटेल. हा एच म्हणजे रेघेचाच पर्याय आहे. त्यावर आणखी रेघ देणे म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा माप घेणे.

कागदोपत्री कामात तर रेघ टाळावीच लागते. पासपोर्टच्या यंत्राने वाचायच्या ओळींत साधी रोमन मोठी अक्षरे, अंक आणि भरणचिन्ह (रिकामी जागा भरणारी ‘<’ ही खूण) एवढेच बसते. जपानी पासपोर्टवर दीर्घ स्वर सहसा वेगळा दाखवत नाहीत. हवा असल्यास अर्ज करून दीर्घ ओसाठी ओ-एच घेता येतो. त्यामुळे व्हिसाचे निमंत्रणपत्र, विमानाचे तिकीट आणि हॉटेलची नोंदणी यांत पासपोर्टवरचे रूप अक्षरशः उतरवावे. शोधनिबंध, ग्रंथालयाची सूची आणि इतिहासलेखन येथे मात्र रेघ हवी, कारण तिथे मूळ जपानी नावापर्यंत परत पोहोचता यावे लागते. टोकियो, ओसाका यांसारखी इंग्रजीत रुळलेली स्थलनामे तिथेही बहुधा रेघेविना लिहितात; व्यक्तिनामांना मात्र तीच सवलत आपल्या मनाने देऊ नये.

संगणकावर आणखी एक घोळ होतो. रेघ असलेला ओ हे एक सलग अक्षर म्हणूनही साठवता येते, किंवा साधा ओ आणि त्यावर बसणारे सुटे चिन्ह अशा जोडीनेही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यादीत नाव शोधताना एक सापडते आणि दुसरे निसटते. सर्व नोंदी एकाच रूपात आणाव्यात आणि शेजारी रेघेविना रूपाचा वेगळा रकाना ठेवावा.

राहिला प्रश्न अंदाजाचा. जपानी चित्राक्षरे पाहून रेघ ठरवणे धोक्याचे असते, कारण तीच दोन अक्षरे एका घरात ‘कोनो’, पहिल्या दीर्घ ओसह, तर दुसऱ्या घरात ‘कावानो’ अशी वाचली जातात. अशा वेळी त्या व्यक्तीला फुरिगाना, म्हणजे नावाचा उच्चार दाखवणारी काना अक्षरे, लिहून मागण्यात काहीच गैर नाही. जपानमधल्या अर्जांवर त्यासाठी स्वतंत्र चौकट असतेच. माझ्या पाहुण्यांच्या यादीत आता तीन रकाने असतात: काना, पासपोर्टवरचे रूप आणि रेघेसहचे रूप. हॉटेलला मी फक्त मधला पाठवतो.