प्रोसेसर धावतोय, रॅम रेंगाळतेय: नवा पीसी घेताना या चुका टाळा

गेल्या दिवाळीत भाच्याचा फोन आला. "मामा, तू सांगितलास तोच एएमडीचा रायझन प्रोसेसर घेतला, तरी गेममध्ये रिव्ह्यूत दाखवतात तेवढे फ्रेम येत नाहीत." टास्क मॅनेजर उघडायला लावला. मेमरीचा स्पीड ४८००, आणि रॅमच्या खोक्यावर छापलेलं ६०००. आठ महिने मशीन तसंच चाललं होतं.

ही चूक सर्रास होते. डीडीआर५ रॅम लावली की ती आधी आपल्या साध्या, प्रमाणित वेगाने सुरू होते. खोक्यावरचा वेग मिळवायचा तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन एक्सपो किंवा एक्सएमपी प्रोफाइल (रॅममध्येच साठवलेली वेगवान सेटिंग) चालू करावं लागतं. दुकानदार पीसी जोडून देतो, विंडोज टाकून देतो, पण हे एक काम बहुतेकदा राहून जातं. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ३००० दिसलं तर मात्र घाबरू नका. तो घड्याळाचा खरा वेग असतो, आणि डीडीआर प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा पाठवते.

भाच्याने एक्सपो चालू केलं आणि दोन मिनिटांत पुन्हा फोन. "मामा, स्क्रीन काळी झाली, बोर्ड गेला!" मदरबोर्ड गेला नव्हता. एएम५वर, म्हणजे नव्या रायझनच्या सॉकेटवर (प्रोसेसर बसवायच्या जागेवर), रॅमच्या सेटिंगला हात लावला की बोर्ड मेमरीची जुळवाजुळव नव्याने करतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. रॅम जास्त असेल तर त्यात काही मिनिटं सहज जातात. लोक घाबरून मधेच स्विच बंद करतात आणि पहिल्यापासून सुरुवात होते. चहा टाका, दहा मिनिटं थांबा. त्यानंतरही काही दिसलं नाही तरच सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळपदावर आणा.

एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. ६०००चा वेग एएमडीच्या अधिकृत हमीत बसत नाही. रायझन ७००० मालिकेसाठी हमी ५२००ची, ९००० मालिकेसाठी ५६००ची. बहुतेक प्रोसेसर ६००० आरामात पेलतात, आणि २०२२मध्ये खुद्द एएमडीनेच हा आकडा उत्तम म्हणून सुचवला होता. तरीही पीसी अधूनमधून बंद पडत असेल, निळी स्क्रीन येत असेल, तर लगेच विंडोज पुन्हा टाकायला धावू नका. आधी एक्सपो बंद करून बघा, मग रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. रॅमच चुकत असेल तर नवं विंडोजही टाकतानाच बिघडतं.

रॅमचा नुसता वेग बघून पैसे देऊ नका, सीएलही बघा, म्हणजे रॅमला उत्तर द्यायला किती ठोके लागतात तो आकडा. सीएलला २०००ने गुणा आणि वेगाने भागा, उत्तर नॅनोसेकंदांत मिळतं. ६००० सीएल३०चे १० होतात, ६००० सीएल३६चे १२. आणि जुन्या डीडीआर४ ३२०० सीएल१६चेही १०च! डीडीआर५ एका वेळी जास्त माल वाहते हे खरं, पण पहिला घास हातात पडायला तेवढाच वेळ लागतो.

या फरकाचं महत्त्व प्रोसेसरवर ठरतं. रायझनच्या ७८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच झटपट मेमरी, असल्याने त्याला रॅमकडे कमी वेळा हात पसरावा लागतो. त्याच्या जोडीला महागडी ८०००ची रॅम घेणं मला तरी उधळपट्टी वाटते. उलट ८७००जीसारख्या, आतल्याच ग्राफिक्सवर चालणाऱ्या प्रोसेसरला रॅम हाच श्वास. तिथे पैसे वाचवायला एकच स्टिक लावली की बँडविड्थ (डेटा वाहून नेण्याची क्षमता) निम्मी होते, आणि मग प्रोसेसरलाच शिव्या बसतात.

रिव्ह्यू वाचतानाही हेच ध्यानात ठेवा. प्रोसेसरमधला फरक उघडा पडावा म्हणून परीक्षक १०८०पी हे कमी रिझोल्यूशन आणि सगळ्यात तगडं ग्राफिक्स कार्ड वापरतात. तुम्ही मध्यम कार्डावर १४४०पी खेळत असाल तर आलेखातली ती मोठी दरी तुमच्या घरी जवळजवळ बुजलेली असेल. परीक्षकाने कोणती रॅम लावली होती तेही पाहा.

सॉकेटबद्दल थोडक्यात. इंटेलच्या एलजीए १७००वर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, पण एका रॅमची खाच दुसऱ्या बोर्डात बसत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २००एससाठी एलजीए १८५१ हे वेगळं सॉकेट लागतं आणि रॅम फक्त डीडीआर५. जुन्या साठ्यातला एएम५ बोर्ड आणि नवा ९००० मालिकेतला प्रोसेसर घेणार असाल, तर प्रोसेसरशिवाय बायोस अपडेट करायची सोय बोर्डावर आहे का, ते आधी विचारा. आणि सेकंडहँड १३व्या-१४व्या पिढीचा आय७ किंवा आय९ घेताना जपून. त्यांतल्या व्होल्टेजच्या दोषावर इंटेलने २०२४मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचं अपडेट) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण आधीच झिजलेली चिप अपडेटने बरी होत नाही. अशी चिप गेम सुरू होताना व्हिडिओ मेमरी संपल्याचा संदेश देते, आणि माणूस ग्राफिक्स कार्ड बदलत बसतो.

परवा भाच्याचा परत फोन. "१६-१६च्या दोन आहेत, दोन स्लॉट रिकामे आहेत. अजून दोन घेऊ?" त्याला सांगितलं, चार स्टिक लावल्या की रायझन ७०००ची अधिकृत हमी थेट ३६००वर उतरते. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या स्टिक, मॉडेल तेच असलं तरी, एकमेकींशी जुळतीलच असं नाही. वाढवायचीच असेल तर आहेत त्या विकायच्या आणि ३२-३२ची जोडी घेऊन प्रोसेसरपासूनच्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायची.

"२०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव काय झालेत, बघितलेस का?" मी विचारलं.

"बघितले," तो म्हणाला. "राहू दे, ३२ पुरते."